तुटलेला स्पोक आणि कारणाचा प्रश्न

विजेवर चालणाऱ्या सायकलचा स्पोक तुटला की दोष त्या स्पोकवर येतो. तार कच्ची होती, असे म्हणून नवी बसवली जाते. काही आठवड्यांत शेजारचा स्पोक जातो, मग त्याच्या पलीकडचा. तुटलेला भाग हाच तुटण्याचे कारण मानावा का? कारण कशात शोधावे, हा भारतीय दर्शनांचा जुना प्रश्न येथे उभा राहतो.

तारेचे चाक ताणावर उभे असते. प्रत्येक स्पोक रिमला हबकडे ओढतो आणि सगळ्यांची ओढ सारखी असेल तरच रिम गोल राहते. वजन पडले की जमिनीलगतचे थोडे स्पोक किंचित सैल होतात आणि वर जाताना पुन्हा ताणले जातात. दर फेरीला होणाऱ्या या चढउताराने धातू थकतो व तार बहुधा हबजवळच्या वाकणात तुटते. मुळात सैल असलेली तार या हेलकाव्याने लवकर थकते. मोटर हबमध्येच असली तर हब मोठा होतो, स्पोक आखूड होतात आणि रिममध्ये तिरपे शिरतात. त्यात मोटरचे वजन आणि ओढ यांची भर पडते. एक स्पोक गेला की त्याच्या वाट्याचा ताण शेजाऱ्यांवर जातो, रिम आउट होते, म्हणजे वाकडी फिरू लागते, आणि पुढच्या तुटण्याची तयारी सुरू होते.

उपनिषदांना चाकाचे उदाहरण प्रिय आहे. नाभीत आरे बसावेत तसे सर्व काही प्राणात बसलेले आहे, असे प्रश्नोपनिषद सांगते. बृहदारण्यकात हेच आत्म्याविषयी येते. ते चाक लाकडी होते. त्यात खालचा आरा दाब सोसून भार पेलतो, म्हणून आपली पाळी आली की तो बऱ्याच अंशी स्वतःच्या बळावर उभा राहतो. सर्वांचा आधार नाभी, हा विचार त्या चाकाला शोभतो. तारेचे चाक मात्र वेगळे आहे. इंग्रज संशोधक जेम्स स्टार्ली यांनी 1874 साली हबला स्पर्शून तिरप्या जाणाऱ्या तारांच्या चाकाचे पेटंट घेतले. अशा चाकात एकटा स्पोक काहीच पेलू शकत नाही. त्याला ताण देणारे बाकीचे स्पोकच असतात.

म्हणून हे चाक बौद्धांच्या प्रतीत्यसमुत्पादाला अधिक जवळचे आहे: जे आहे ते इतरांवर अवलंबून आहे, स्वतःपुरते काहीच नाही. या विचाराचा संबंध दक्षिण कोसलशीही जोडला जातो. रायपूरहून सुमारे 80 किलोमीटरवर महानदीकाठी असलेले सिरपूर ही त्या देशाची राजधानी होती. तेथील आनंदप्रभू हा बौद्ध विहार 1950 च्या दशकात मो. गं. दीक्षित यांच्या उत्खननात उजेडात आला. सातव्या शतकात कोसलला आलेल्या चिनी यात्री ह्युएन त्संगने या देशाशी बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाचा संबंध जोडणारी परंपरा नोंदवली आहे. वस्तूला स्वतंत्र स्वभाव नाही, हा नागार्जुनाचा सिद्धांत. त्या दृष्टीने स्पोकचा 'कच्चेपणा' हाही त्याचा एकट्याचा गुण ठरत नाही. तीच तार नीट ताणलेल्या चाकात वर्षानुवर्षे टिकू शकते.

यावर एक आक्षेप येतो. कारण सर्वत्र पसरले तर जबाबदारी कोणाचीच उरत नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात याचे उत्तर आहे. प्रत्येक कर्माला अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव अशी पाच कारणे असतात आणि स्वतःलाच एकमेव कर्ता समजणाऱ्याला खरे दिसत नाही, असे तेथे म्हटले आहे. चाकाला हे लावले तर रिम व हब हे अधिष्ठान, चालवणारा कर्ता, तार हे करण, मोटरची ओढ व ब्रेक ही चेष्टा आणि अनपेक्षित खड्डा हे दैव. कर्ता पाचांपैकी एक आहे, पण तो यादीतून वगळलेला नाही.  गीता कर्म सोडायला नव्हे, करायला सांगते, हा टिळकांच्या 'गीतारहस्या'चा मुख्य मुद्दा. कारणांची गुंतागुंत कळल्याने कर्तव्य हलके होत नाही. त्याचा रोख मात्र बदलतो.

एखादाच स्पोक धक्क्याने तुटला असेल तर तो बदलून, सगळ्यांचा ताण तपासून रिमचा आउट काढला की पुरते. एकामागून एक तुटू लागले तर चाक पुन्हा नव्या तारांनी विणून दोन्ही बाजूंचा ताण जुळवावा लागतो. नुसती जाड तार लावून भागत नाही. जाड तार सैल राहिली तर तीही तुटते. दोष एका भागावर ठेवून बाकीचे चाक निर्दोष समजणे ही विचारातली चूक आहे आणि तिची किंमत पुढचा स्पोक मोजतो. घर, संस्था किंवा समाज यांत सतत एकच जागा तुटत असेल तर तेथेही आधी सगळ्यांचा ताण तपासावा आणि मगच कोणाला दोषी ठरवावे.