देव अंगात, सोंग अंगावर

मार्गशीर्षात नवापूर-साक्री पट्ट्यातल्या कोकणा पाड्यांवर डोंगऱ्यादेवाचा उत्सव मांडला जातो. पावरीच्या सुरावर माणसं फेर धरतात, आणि फेरातल्या एखाद्याचं अंग घुमायला लागतं. देव आला, असं लोक म्हणतात. याच भागातल्या यात्रांमध्ये सोंगाड्या पार्टीही रंगते. पुरुष लुगडं नेसून बाई होतो, बोलीभाषेत दारुड्या नवऱ्याची रेवडी उडते, रात्र सरते. दोन्हीकडे वाद्यं आहेत, दोन्हीकडे कुणीतरी स्वतःखेरीज दुसरंच कुणी झालेलं आहे. तरी लुगड्यातल्या सोंगाड्याच्या पायावर कुणी डोकं ठेवत नाही, आणि घुमणाऱ्याला कुणी वन्समोअर देत नाही.

फरक नेमका कशात?

काश्मीरच्या पंडितांनी हजारेक वर्षांपूर्वी या प्रश्नाचा कीस पाडला. नाट्यशास्त्राचा अर्थ लावताना शंकुकाने चित्रातल्या घोड्याचा दाखला दिला. चित्रातला घोडा पाहून आपण ‘घोडा’ म्हणतो, पण ते ज्ञान खरं नसतं, खोटंही नसतं. तो संशय नसतो आणि नुसता सारखेपणाही नसतो. रंगमंचावरचा राम तसाच. अभिनवगुप्ताला हे अनुकरणाचं प्रकरण पटलं नाही. नटाची आणि प्रेक्षकाची खासगी सुखदुःखं गळून पडतात, भावना कुणा एकाची राहत नाही, आणि तिथंच रस उपजतो, असं त्याचं म्हणणं. पुढं फ्रान्समध्ये दिदरोने निराळाच सूर लावला: थोर नट स्वतः काही भोगत नाही, म्हणूनच समोरच्याला रडवतो. हे मांडणारा त्याचा निबंध छापून आला 1830 मध्ये, तो गेल्यानंतर. आता आपल्याकडचा दाखला घ्या: ‘मानापमान’ या संगीत नाटकाचा पहिला प्रयोग 12 मार्च 1911 ला झाला. त्याच दिवशी बालगंधर्वांची मुलगी वारली होती, तरी ते भामिनीच्या भूमिकेत उभे राहिले. त्याला अलिप्तता म्हणा की व्रत म्हणा, दिदरोच्या खणात हे सहज बसत नाही.

या सगळ्यांची नजर मनावर आहे: नटाच्या, नाहीतर प्रेक्षकाच्या. नंदुरबारचा आदिवासी मात्र बाहेरच्या गोष्टी विचारतो. हा जेवला काय, झोपला कुठं?

तापीपलीकडे, अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी पाहावी. नवस बोललेला माणूस तिथं बावा होतो. अंगावर ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरं आणि वाळलेले भोपळे. नाचताना त्यांचा खडखडाट लांबून ऐकू येतो. पण वेश ही सोपी बाजू. त्याआधी पाळणी असते. खाटेवर बसायचं नाही, जमिनीवर झोपायचं, बाईचा स्पर्श टाळायचा, आणि हे दिवसेंदिवस. आत भक्ती किती दाटली हे कुणी मोजत नाही, मोजताही येत नाही. खाट मात्र शेजाऱ्यालाही दिसते. पुस्तकी सौंदर्यशास्त्राला ही कसोटी ओबडधोबड वाटेल. तरी ती फसवायला अवघड आहे, आणि ‘तो खरंच एकरूप झाला का’ या निरुत्तर प्रश्नापासून ती सुटका करते.

तोच टोप आता शाळेच्या गॅदरिंगमध्ये आणि सरकारी सांस्कृतिक महोत्सवातही दिसतो. पाळणी नाही, नवस नाही; सात-आठ मिनिटांचा नाच आणि टाळ्या. त्यात वावगं काही नाही, तो सरळ नाटकाकडचा व्यवहार आहे आणि पाहणाऱ्यालाही तो कळतो.

पंचाईत होते ती खुद्द काठीत. मोबाईल उंचावून उभ्या असलेल्या पाहुण्याला बावाच्या खाटेची गोष्ट ठाऊक नसते, त्याला मोरपिसं दिसतात. बावाच्या घरच्यांना नवस फिटताना दिसतो. शंकुक आणि अभिनवगुप्त दोघेही रंगमंच कुठं सुरू होतो हे प्रेक्षकाला माहीत आहे असं धरून चालले होते. इथं तेच ठरलेलं नाही: अर्धी गर्दी प्रयोग पाहते आहे, अर्धी विधीत उभी आहे. आणि ‘जरा इकडं बघ’ म्हणून कुणी हाक मारली तर वळायचं की नाही, याबद्दल पाळणीच्या जुन्या नियमांत काहीच सांगितलेलं नाही.