करगोट्याचं माप

सोलापुरात नळाला पाणी सुटण्याचा दिवस घरातला प्रत्येक जण लक्षात ठेवतो. उजनी धरण जिल्ह्यातच आहे, तरी शहराच्या कितीतरी भागांत चार-पाच दिवसांतून एकदा पाणी येतं. म्हणून अंगणाखाली हौद, गच्चीवर टाकी आणि मधे मोटर. त्या मोटरीनं नेमक्या पाण्याच्या दिवशी दगा दिला, की घरातलं कुणीतरी मोबाइल काढतं, मोटरीचा फोटो घेतं आणि कामं टाकायच्या ॲपवर किंवा फेसबुकच्या गटावर लिहितं : 'मोटर चालू आहे, पाणी चढत नाही. अर्जंट. किती घ्याल?'

पाच मिनिटांत खाली उत्तरं लागतात. एक जण नुसती व्हिजिट सांगतो, दुसरा ठोक रक्कम, तिसरा त्याहून पन्नास कमी. शेळगीतला एखादा वायरमन त्या वेळी अक्कलकोट रोडवरच्या कामावर शिडीवर असतो. खिशातला फोन वाजलेला त्याला कळतो, पण दोन्ही हात गुंतलेले. खाली उतरेपर्यंत काम गेलेलं असतं. वेळेत भाव टाकला असता, तरी तो कशाचा टाकणार? फोटोत मोटर दिसते. फूटव्हॉल्वमध्ये कचरा अडकलाय, सक्शनचा जॉइंट हवा ओढतोय की इंपेलर झिजलाय, हे फोटोत दिसत नाही. पहिलं दुखणं अर्ध्या तासाचं, शेवटचं मोटर खोलून न्यावी लागण्याचं. तरीही आकडा आधी सांगावा लागतो, आणि जो बेधडक कमी सांगतो त्याला बहुधा काम मिळतं.

न पाहिलेल्या गिऱ्हाइकाचं काम ऐकीव मापावर घेण्याची एक गोष्ट याच जिल्ह्यात कित्येक शतकं सांगितली जाते. ते काम दोनदा परत आलं होतं.

पंढरपूरचे नरहरी सोनार कट्टर शिवभक्त. विठ्ठलाच्या गावात राहून विठ्ठलाचं तोंड बघायचं नाही, असा त्यांचा नेम. एका सावकारानं विठ्ठलाला सोन्याचा करगोटा करायचा नवस बोलला होता. नवस फळला आणि तो नरहरींकडे आला. देवळात जाऊन कंबरेचं माप घ्यायला नरहरींनी नकार दिला. मग सावकारच माप घेऊन आला. त्या मापानं करगोटा घडला आणि देवाला सैल झाला. कमी करून दिला, तर आखूड पडला. शेवटी डोळ्यांवर पट्टी बांधून नरहरी स्वतः गाभाऱ्यात गेले आणि मूर्ती हातांनी चाचपू लागले. हाताला लागला तो शंकर. पट्टी काढली तर समोर विठ्ठल.

वारकरी संप्रदायात ही गोष्ट हरिहरांच्या ऐक्याची म्हणून सांगतात, आणि ती तशीच आहे. पण सोनाराच्या दुकानात बसून ऐकली, तर तिच्यात आणखी एक गोष्ट ऐकू येते. नरहरींच्या कसबात खोट नव्हती. सावकार अप्रामाणिक नव्हता. चुकलं ते दुसऱ्यानं आणलेलं माप. डोळे बांधलेले असूनही काम जुळलं, कारण मधला माणूस बाजूला झाला आणि कारागिराचा हात थेट वस्तूला लागला.

मोबाइलवरून काम शोधणाऱ्या सुताराचा, गवंड्याचा, प्लंबरचा प्रश्न म्हणून केवळ कमाईचा राहत नाही. काम देणारा आणि करणारा यांच्यामधून माप वाहून नेणारा हा नवा सावकार कोण आहे, आणि त्याच्या मापानं केलेलं काम अजून आपलं असतं का, हा जुना धार्मिक प्रश्न त्यात आहे.

मधला माणूस काही आज आलेला नाही. मुंबईत 1996 मध्ये जस्टडायल सुरू झालं तेव्हा लोक दूरध्वनी करून प्लंबरचा नंबर विचारत. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सेल्सी गावाला जानेवारी 1998 मध्ये टोर्नेडोनं झोडपलं. छपरं दुरुस्त करायच्या निमित्तानं भुरटे ठेकेदार गावात शिरले आणि त्या अनुभवातून पारखलेल्या कारागिरांची 'चेकअट्रेड' ही यादी निघाली. म्हणजे या व्यवस्थेच्या मुळाशी लोभ नव्हता, परक्या माणसाला घरात कसं घ्यायचं ही साधी भीती होती. पुढे धंद्याचा नमुना बदलला. आज अनेक संकेतस्थळांवर कारागीर 'लीड' विकत घेतो. लीड म्हणजे गरजू गिऱ्हाइकाचा नंबर. तोच नंबर आणखी तिघा-चौघांना विकलेला असू शकतो. गिऱ्हाइकानं फोन उचलला नाही तरी पैसे गेलेले असतात. काम मिळायच्या आधीच कामासाठी पैसे मोजायचे, ही तऱ्हा नाक्यावर उभं राहणाऱ्या बिगाऱ्यालाही माहीत नव्हती.

सोलापुरातला जुना मधला माणूस हार्डवेअरचा नाहीतर इलेक्ट्रिकचा दुकानदार असे. अजूनही आहे. 'मालक, एखादा चांगला वायरमन सांगा की' म्हटलं, की तो गल्ल्यामागच्या भिंतीवर पेन्सिलनं लिहिलेल्या नंबरांतून एक निवडून देतो. त्याच्या निवडीमागे एक ज्ञान असतं. कोणता वायरमन आयएसआय मार्कची वायर नेतो आणि कोण बिल एकाचं करून माल दुसरा उचलतो, हे त्याला ठाऊक असतं. भिंतीच्या आत काय जातं, ते त्यानं स्वतःच्या हातानं मोजून दिलेलं असतं. ॲपला हे दिसत नाही. त्याला दिसतं ते गिऱ्हाइकाला दिसलेलं : माणूस वेळेवर आला का, नीट बोलला का, पसारा आवरला का. या गोष्टी लहान नाहीत. पण वायरमनचं खरं काम बहुतेक वेळा प्लास्टरच्या मागे किंवा जमिनीखाली असतं.

अर्थिंगचंच घ्या. अंगणाच्या कोपऱ्यात खोल खड्डा, त्यात पाइप किंवा तांब्याची पट्टी, भोवती मीठ आणि कोळशाचे थर, वर झाकण. खड्डा बुजला की आत किती खोल गेलं हे कुणालाच कळत नाही. दोन हात कमी खणलं तरी दिवे तेवढेच लख्ख लागतात, पंखे तेवढ्याच वेगानं फिरतात, आणि गिऱ्हाईक आनंदानं पाच तारे देतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात माती कोरडी पडली की अर्थिंगचा रोध वाढतो. म्हणून जाणता वायरमन घरच्यांना बजावतो, 'मे महिन्यात इथं बादलीभर पाणी ओतत जा.' त्या खड्ड्याची परीक्षा होते ती फ्रिजच्या किंवा कूलरच्या पत्र्यात करंट उतरतो त्या दिवशी. तो दिवस कधी उगवतच नाही, किंवा दहा वर्षांनी उगवतो. तेव्हा तारे द्यायला कुणी बसलेलं नसतं.

कायकाचा, म्हणजे पूजा म्हणून केलेल्या प्रामाणिक कामाचा, प्रश्न या खड्ड्याशी येऊन भिडतो.

बाराव्या शतकात कल्याणमध्ये, म्हणजे आजच्या बसवकल्याणमध्ये, बसवण्णांभोवती जमलेले शरण, म्हणजे शिवभक्त, हे बहुतेक हातावर पोट असलेले लोक होते. मडिवाळ माचय्या कपडे धुणारे, अंबिगर चौडय्या नावाडी, नुलिय चंदय्या दोर वळणारे, हडपद अप्पण्णा न्हावी. कैलास वर कुठे नाही, तो हातातल्या प्रामाणिक कामात आहे, असं त्यांचं म्हणणं. कामाच्या आधी जात विचारायची नाही आणि कामावरून माणूस खाली ढकलायचा नाही, हा त्यातला स्फोटक भाग. गावगाड्यात सुताराचं काम सुताराच्या पोरालाच येई. खळ्यावर बलुतं ठरलेलं असे आणि पायरीही ठरलेली असे. पोटाची हमी होती, पण तिला दोरी बांधलेली होती.

या अंगानं पाहिलं तर मोबाइलचा नवा बाजार शरणांच्या बाजूचा वाटतो. गावाकडून आलेल्या, शहरात कुणी ओळखीचं नसलेल्या आयटीआय झालेल्या पोराला इथे दुकानदाराची मेहरबानी लागत नाही. त्याच्या कामाचे फोटो हेच त्याचं घराणं. सोलापूरसारख्या गावात हे मोलाचं आहे. इथली पहिली कापडगिरणी, लोकांच्या तोंडातली 'जुनी मिल', 1877 मध्ये निघाली. पुढे ती आणि तिच्यामागून आलेल्या मोठ्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या, आणि भोंग्याबरोबर हजेरी लावण्याच्या नोकरीची वाटही मिटली. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणाऱ्या या शहरात स्वतःच्या कसबावर जगणाऱ्याला चार मोहल्ल्यांबाहेरचं गिऱ्हाईक मिळणं ही सुटका आहे. मात्र प्रोफाइलवर तारे असतात तसं आडनावही असतं, आणि कुणाच्या घरी स्वयंपाकघरापर्यंत जायचं हे ते आडनाव अजूनही कुठेकुठे ठरवतं.

कामावरून माणसाची किंमत करण्याबद्दल सोलापूरच्या मातीतली एक कथा आहे. शिवयोगी सिद्धरामेश्वर सोन्नलगीत, म्हणजे आजच्या सोलापुरात, तलाव खणवून घेत होते. शरणांमधले अल्लमप्रभू तिथे आले आणि त्यांनी 'वड्ड' म्हणजे माती खणणारा, दगड फोडणारा, असं म्हणून सिद्धरामांची चौकशी केली. कामावरचे शिष्य खवळले आणि त्यांनी अल्लमांवर दगड उचलले. गंमत अशी, की ते सगळे त्या क्षणी मातीच खणत होते. स्वतःच्या हातातल्या कामाचं नाव त्यांना गुरूसाठी शिवी वाटलं. अल्लमांनी कामाला नावं ठेवली नव्हती. काम करताना ध्यान कामात आहे की कामामुळे होणाऱ्या नावात, एवढंच त्यांना बघायचं होतं. पुढच्या वादात सिद्धरामांनी हे मान्य केलं आणि ते कल्याणकडे निघाले, अशी परंपरा सांगते. तलाव मात्र राहिला. त्याच्या मधोमध आज सिद्धेश्वराचं देऊळ आहे आणि संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज मिरवतात.

आता आक्षेप. ज्याच्या घरात उद्याचं पीठ नाही त्याला कायक शिकवणं सोपं असतं, विशेषतः शिकवणारा पगारदार असला तर. 'काम हीच पूजा' अशी पाटी लावून मजुरी थकवणारी ऑफिसं कमी नाहीत. आणि तारे म्हणजे कारागिराला नुसता मानापमान नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये गुरुग्रामला अर्बन कंपनी या ॲपच्या कार्यालयाबाहेर ब्यूटी पार्लरचं काम करणाऱ्या बायका जमल्या, तेव्हा त्यांच्या तक्रारी कमिशनबद्दल होत्या तशा रेटिंगबद्दलही होत्या. आकडा घसरला की काम घसरतं. नीती आयोगानं 2020-21 मध्ये देशात 77 लाख गिग, म्हणजे कामागणिक पैसे मिळणारे, कामगार धरले आणि 2029-30 पर्यंत ते 2 कोटी 35 लाख होतील असा अंदाज दिला. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'प्लॅटफॉर्म कामगार' हा शब्द आला. पण लीड विकत घेणारा वायरमन स्वतःला मालक समजतो, कामगार नव्हे; आजारी पडला की मात्र त्याला दोन्ही बाजूंनी काही मिळत नाही.

शरणांनाही पोट होतं, आणि ते त्यांनी विसरलं नव्हतं. आयदक्की मारय्या सांडलेले तांदूळ वेचून आणत. एके दिवशी रोजच्यापेक्षा जास्त आणले, तेव्हा पत्नी लक्कम्मानं ते परत टाकून यायला सांगितलं. तिला घरातलं रोजचं माप माहीत होतं. फोनवर जगणाऱ्या कारागिराजवळ हेच माप उरत नाही. आज दहा पोस्ट, उद्या एकही नाही. म्हणून आज दहाही धरायच्या, शिडीवरून उतरून पुन्हा भाव टाकायचा, अर्ध्या खोलीचा खड्डा पूर्ण म्हणून बुजवायचा. तिथे लोभापेक्षा भीतीच जास्त असते. कायकाचा शत्रू आळस आहे असं प्रवचनांत ऐकायला मिळतं. शेळगीच्या वायरमनला घाई जास्त ओळखीची आहे.

बऱ्याच ॲपांची एक अट असते : गिऱ्हाइकाशी पुढचा व्यवहार बाहेरून करायचा नाही. ती सर्रास मोडली जाते. मोटर दुरुस्त होते, हौदातलं पाणी वर चढायला लागतं, आजी गच्चीवरून ओरडते, 'आलं, आलं!' वायरमन पान्हे पिशवीत भरतो. घरातली बाई विचारते, 'दादा, तुमचा नंबर द्या की, पुढच्या खेपेला डायरेक्टच बोलावू.' तिला त्याचं नाव नीट लक्षात राहत नाही, म्हणून ती 'मोटरवाले दादा' म्हणून नंबर ठेवते. तोही तिचं नाव विचारत नाही. त्याच्या फोनमध्ये गिऱ्हाइकं अशीच साठलेली असतात : 'विजापूर रोड गिझर', 'साखर पेठ मीटर', 'होटगी रोड कन्सील'. आता त्यांत आणखी एक : 'जुळे सोलापूर मोटर, अर्थिंग बघायचं आहे'.