आड आणि पोहरा

फ्रान्समध्ये सरकारी प्राथमिक शाळेत शिक्षक व्हायचं तर स्पर्धा परीक्षेतून जावं लागतं. जागा मोजक्या असतात आणि निवड गुणानुक्रमाने होते. २०२२पासून या परीक्षेला जे स्वरूप आलं, त्यात परकीय भाषेची एक ऐच्छिक तोंडी परीक्षाही होती. इंग्रजी, जर्मन, स्पॅनिश किंवा इटालियन यांपैकी एक भाषा घ्यायची, अर्धा तास तयारी करायची आणि अर्धा तास परीक्षकांसमोर बोलायचं. अपेक्षित पातळी युरोपीय चौकटीतली ‘बी२’. म्हणजे साधारणपणे असं की, समोरच्याला फारसा त्रास न देता संभाषण चालवता यावं, आपलं मत मांडता यावं आणि त्याची कारणं देता यावीत. वीसपैकी दहाच्या वर जेवढे गुण पडतील तेवढेच एकूण गुणांत धरायचे. दहाच्या खाली पडले तर नुकसान काहीच नाही.

थोडक्यात, ही हरण्यासारखं काही नसलेली परीक्षा होती. तरीही तिची भीती वाटणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांतल्या एकीबरोबर तीन महिने, आठवड्यातून दोनदा इंग्रजी बोलण्याचं काम माझ्याकडे आलं होतं. त्या बोलण्यातून जो प्रश्न वर आला तो परीक्षेपुरता नव्हता, म्हणून तो इथे मांडते आहे.

हे तुलूज शहरातलं, २०२३च्या वसंतातलं. ती तिशीतली होती. विमानांचे सुटे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीतली टेबलावरची नोकरी सोडून शिक्षक-प्रशिक्षण घेत होती. मी मूळची सोलापूरची. मराठी शाळेत शिकलेली आणि नंतर कामासाठी सतत इंग्रजीत वावरलेली. ‘सरावासाठी इंग्रज का नाही शोधलास?’ असं तिच्या वर्गातल्यांनी तिला विचारलं होतं. तिचं उत्तर सरळ होतं: ‘इंग्रजासमोर माझं तोंडच उघडत नाही.’

आमच्या दोघींच्या इंग्रजीतल्या खोडी वेगवेगळ्या होत्या. फ्रेंचमध्ये ‘ह’ उच्चारत नाहीत, त्यामुळे तिला भूक लागली की ती इंग्रजीत ‘अँग्री’ व्हायची. मी ‘धिस’ म्हणायचे, ती ‘झिस’. मी ‘थिंक’मध्ये आपला भरभक्कम थ वापरायचे, ती ‘सिंक’ म्हणून मोकळी व्हायची. फ्रेंचमध्ये जोर शब्दसमूहाच्या शेवटी पडतो. इंग्रजीत प्रत्येक शब्दाचा जोर कुठे पडणार ते शब्दच ठरवतो. ‘हॉटेल’ या साध्या शब्दावर आम्ही दोघी वेगवेगळ्या ठिकाणी घसरायचो. तरीही आमचं एकमेकींना सगळं कळत होतं.

एके दिवशी तिने वही मिटली आणि फ्रेंचमध्ये विचारलं, ‘मी पास होईनही. पण पुढे काय? सहा वर्षांची पोरं माझ्याकडून इंग्रजी ऐकणार. माझ्या चुका त्यांच्या तोंडात बसणार. हे प्रामाणिकपणाचं आहे का?’

तिचा प्रश्न काल्पनिक नव्हता. फ्रान्समध्ये पहिलीच्या वर्गापासून परकीय भाषा शिकवतात, आठवड्याला सरासरी दीड तास. आणि ती बहुतेक वेळा वर्गशिक्षकच शिकवतो, म्हणजे जो गणित घेतो, चित्रकला घेतो, तोच. आपल्याकडेही हे घडलेलं आहे. २०००मध्ये महाराष्ट्र सरकारने मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणलं. तेव्हा ते शिकवायला उभ्या राहिलेल्या कितीतरी गुरुजींची आणि बाईंची स्वतःची इंग्रजी पाचवीत सुरू झालेली होती. तेव्हा लोक जी म्हण वापरत होते तीच तिच्या प्रश्नात होती: आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

या म्हणीला फ्रेंच परंपरेतच एक प्रसिद्ध उत्तर आहे. १८१८मध्ये जोझेफ जाकोतो हा निर्वासित फ्रेंच शिक्षक लूवँच्या विद्यापीठात शिकवायला लागला. त्याच्या अनेक विद्यार्थ्यांना फ्रेंच येत नव्हतं आणि त्याला त्यांची फ्लेमिश. त्याने फेनेलाँच्या ‘तेलेमाक’ या पुस्तकाची दोन्ही भाषांतली आवृत्ती त्यांच्या हाती दिली आणि भाषांतराच्या मदतीने मूळ फ्रेंच शिकायला सांगितलं. पुढे विद्यार्थ्यांनी वाचलेल्यावर फ्रेंचमध्ये लिहिलं, तेव्हा ते इतकं चांगलं होतं की तो स्वतः थक्क झाला. शिक्षकाला जे येत नाही तेही तो शिकवू शकतो, असा निष्कर्ष त्याने काढला. जाक राँसिएर यांनी १९८७मध्ये या जाकोतोवर ‘अडाणी गुरू’ अशा अर्थाच्या शीर्षकाचं पुस्तक लिहिलं. शिक्षणाबद्दल गंभीरपणे बोलणाऱ्यांत ते आजही वाचलं जातं.

तिला हे पुस्तक माहीत होतं, पण त्यातून तिचं समाधान झालं नव्हतं, आणि माझ्या मते ते बरोबरच होतं. जाकोतोचे विद्यार्थी तरुण होते आणि त्यांच्या हातात छापील पुस्तक होतं. गुरू गप्प बसला तरी पुस्तक बोलत होतं. सहा वर्षांच्या मुलापुढे बाईंचा आवाज हेच पुस्तक असतं. त्यामुळे ‘शिक्षकाला येण्याची गरज नाही’ हा दिलासा इथे सहज स्वीकारता येत नाही. ज्याला उच्चार सुधारायचा कंटाळा आहे, त्याने त्या कंटाळ्याला तत्त्वज्ञानाचं नाव देऊ नये. ‘ह’चा सराव करणं हे तिचं कर्तव्य होतं आणि ती तो करत होती. बसथांब्यावर उभी राहून ‘हाउस, हँड, हॅपी’ पुटपुटायची.

पण इथे दुसरा प्रश्न येतो. हा आड नेमका कुणाचा? दोनशे वर्षं इंग्रजी वापरणारा आपला देश तो प्रश्न विचारून थकला आहे. युरोपनेही आता तो थोडा ऐकला आहे. २०१८मध्ये युरोपीय भाषा-चौकटीला जी पुरवणी जोडली गेली, तिने उच्चारांच्या मोजपट्टीतून जन्मभाषकाचा आदर्श काढून टाकला आणि बोलणं ऐकणाऱ्याला किती समजतं यावर भर दिला. म्हणजे कागदावर तरी, लंडनच्या माणसासारखं बोलणं ही अट उरलेली नाही.

मग भीती कशाची? हळूहळू लक्षात आलं की तिची भीती इंग्रजीपासून सुरू झालीच नव्हती. तुलूजचं फ्रेंच सुरेल असतं. पॅरिसवाले जो शेवटचा ‘अ’ गिळतात तो तिथे ऐकू येतो. त्या उच्चारांना सुट्टीतले, उन्हातले, मजेशीर म्हणायची देशभर सवय आहे. २०१८मध्ये एका मोठ्या फ्रेंच नेत्याने तुलूजच्या ढंगात प्रश्न विचारणाऱ्या महिला पत्रकाराची कॅमेऱ्यासमोर नक्कल केली होती आणि कुणीतरी नीट समजेल अशा फ्रेंचमध्ये विचारा, असं म्हटलं होतं. दोन वर्षांनी उच्चारांवरून भेदभाव करण्याला बंदी घालणारं विधेयक नॅशनल असेंब्लीने पहिल्या वाचनात मंजूर केलं. ज्या देशाला हे विधेयक आणावंसं वाटलं, त्या देशात बोलणाऱ्याला स्वतःच्या भाषेतही आपण चुकतोय असं वाटत असणार. ती पॅरिसला मुलाखतीला गेली होती तेव्हा तिने स्वतःचा आवाज ‘सपाट’ केला होता, असं तिनेच सांगितलं. इंग्रजी ही त्या लाजेला मिळालेली नवी जागा होती, एवढंच.

खरी नैतिक अडचण मात्र मला उच्चारांत नाही, उत्तरांत दिसली. परीक्षक हमखास विचारतील असे प्रश्न आम्ही घेत होतो. ‘तुम्हाला शिक्षक का व्हायचं आहे?’ तिचं उत्तर तयार होतं: मला मुलं आवडतात, मी सहनशील आहे, मला ज्ञान वाटायचं आहे. एकही चूक नाही, प्रत्येक ‘ह’ जागेवर. मग मी तोच प्रश्न फ्रेंचमध्ये विचारला. ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘मुलं आवडतात का, मला ठाऊक नाही. पण काही कळलं नाही म्हणून वर्गात गप्प बसलेलं पोर मला बघवत नाही. मी तशी होते.’

दोन्ही उत्तरं एकाच बाईची होती. पहिल्यात खोटं काही नव्हतं, पण ते तिने निवडलेलं नव्हतं. तिच्या शब्दसंग्रहाने निवडलेलं होतं. परक्या भाषेत आपण बरेचदा जे वाटतं ते बोलत नाही, जे जमतं ते बोलतो. मुंबईत इंग्रजीतून मुलाखत दिलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. आपण आपल्यापेक्षा थोडे भाबडे, थोडे उत्साही, थोडे एकसुरी होऊन बाहेर येतो. आणि सराव जितका जास्त, तितकं हे भाबडं माणूस पक्कं होत जातं.

मग सराव घेणाऱ्याने काय करावं? गुळगुळीत उत्तराला गुण मिळतात. खरं उत्तर इंग्रजीत आणायला तिला चार मिनिटं लागली आणि त्यात तीन वाक्यं मोडली. परीक्षा तिची होती. दहाच्या वरचे दोन-तीन गुणही यादीतलं तिचं स्थान हलवू शकत होते. माझं काहीच पणाला लागलेलं नव्हतं. ज्याचं काही जाणार नाही त्याने दुसऱ्याला सत्याचा आग्रह करणं ही चैन आहे. म्हणून मी आग्रह केला नाही. दोन्ही उत्तरं तिच्यापुढे ठेवली आणि सांगितलं, तू ठरव. तिने दोन्हींचा सराव केला.

या दोन सरावांतला फरक मात्र मला तेव्हापासून स्पष्ट दिसतो. आपल्याकडे पाठांतर आणि रियाज असे दोन शब्द आहेत. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात: तेच ते पुन्हा पुन्हा म्हणणं. पण पाठ केलेलं उत्तर पुढच्या प्रश्नापाशी संपतं. ‘मी सहनशील आहे’ म्हटल्यावर परीक्षकाने ‘कशावरून?’ विचारलं की माणूस उघडा पडतो. रियाज केलेल्याला पुढचा प्रश्न चालतो, कारण त्याने वाक्य नाही, वाट घोटलेली असते. सरावातून सफाईदार होणं ही फसवणूक नाही. गवय्यावर कुणी तसा आरोप करत नाही. ज्या विचारापर्यंत आपण गेलोच नाही तो आपला म्हणून पुढे करणं, तिथे फसवणूक सुरू होते.

परीक्षेत तिने दुसरं उत्तर दिलं. ‘गप्प बसलेलं’ यासाठी शब्द अडला, तेव्हा तिने परीक्षकांनाच इंग्रजीत समजावून विचारलं आणि त्यांनी तो दिला. तिला तेरा मिळाले, म्हणजे जमा झाले तीन.

तिच्या मूळ प्रश्नाला मी माझ्यापुरतं उत्तर असं देते. मुलांच्या तोंडात बसलेली उच्चारांची चूक बहुधा टिकत नाही. गाणी, ध्वनिफिती, पुढच्या इयत्तांतले शिक्षक ती दुरुस्त करू शकतात, आणि बाईंनीही वर्गात ध्वनिफीत लावायला लाजू नये. पण चुकण्याबद्दलची वृत्ती मूल पहिल्या बाईंकडून घेतं, आणि ती पुढे दुरुस्त करणारं सहसा कुणी भेटत नाही. शब्द अडला की बाई विषय बदलतात, की थांबून ‘बघूया हं’ म्हणत शोधतात, हे मुलांना दिसतं. ज्या वर्गात बाई शोधतात तिथे न कळलेलं मूल हात वर करण्याची शक्यता जास्त. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्याला हे शोधणं दाखवताच येत नाही. त्याला ते कधी करावंच लागलेलं नाही.

म्हण खोटी नाही. रिकाम्या आडातून पोहरा रिकामाच येणार. पण गावाकडच्या कुणालाही विचारा, विहिरीचं पाणी काही आधी भरून ठेवलेलं नसतं. ते झऱ्यांतून येतं, आणि उपसा थांबला की झरे बुजतात.