चिठ्ठी

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाची गोष्ट आहे. साखऱ्याचा एक शेतमजूर सकाळीच दाराशी येऊन उभा राहिला. साखरा हे हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातले गाव. सोयाबीन, तूर आणि हळद ही या भागातली पिके. ज्यांना स्वतःची जमीन नाही ते दुसऱ्याच्या शिवारात राबतात, आणि तेही काम सरले की ऊसतोडीला नाहीतर वीटभट्टीवर जातात. टोपी हातात घेऊन तो म्हणाला, "फादर, तेवढी एक चिठ्ठी लिहून द्या. चिठ्ठीबिगर आमच्या कारभारणीचं ऑपरेशन व्हायचं न्हाई."

त्याच्या बायकोच्या हृदयाची झडप निकामी झाली होती. घरात पिवळे रेशनकार्ड होते, सरकारी योजनेचे कार्डही होते. शस्त्रक्रिया योजनेत बसत होती. तरीही शहरातल्या एका रुग्णालयातून त्याला तीन वेळा परत पाठवले गेले होते: यादी भरली आहे, पुढच्या आठवड्यात या. साखऱ्याहून सेनगाव, तिथून हिंगोली, तिथून पुढे. दर खेपेला दोघांचे भाडे आणि दोघांची बुडालेली मजुरी. तिसऱ्या खेपेला कोणीतरी कानात सांगितले की, एखाद्या मोठ्या माणसाची चिठ्ठी आणा.

मी चिठ्ठी दिली. छापील कागदावर, सहीशिक्क्यानिशी. त्या रुग्णालयातले एक डॉक्टर लहानपणी आमच्याच शाळेत शिकलेले. चौथ्या दिवशी बाई दाखल झाली, शस्त्रक्रिया पार पडली, रुपयाही लागला नाही. महिन्याभराने तो किलोभर हळद घेऊन आला. मला धन्यता वाटली, हे कबूल केले पाहिजे. धर्मगुरूच्या आयुष्यात असे क्षण फार येत नाहीत. मग निघता निघता तो सहज बोलून गेला, "शेजारच्या खाटेवर कळमनुरीकडचं एक पोरगं होतं, फादर. त्याचा नंबर आमच्या आधी होता. त्याला मागं सारलं. त्याच्यापाशी चिठ्ठी नव्हती."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पाऊस पडला, नदीला पूर आला, अशा सुरात त्याने ते सांगितले. मी मात्र त्या दिवसापासून अस्वस्थ आहे. सेमिनरीत नीतिशास्त्राचे धडे गिरवताना आम्हाला शिकवले होते की, जे न्यायाने देणे आहे ते दया म्हणून देऊ नये. माझी चिठ्ठी यांपैकी कशातच बसत नव्हती. एका गरिबाचा हक्क मी दुसऱ्या गरिबाला दिला आणि वर हळदही घेतली.

म्हणून आजारपणाचा खर्च सरकारने करावा की नाही, हा प्रश्न मला पुस्तकी वाटत नाही. आपल्या धर्मग्रामांतल्या कुटुंबांत तो वारंवार निघतो. एक निवृत्त मुख्याध्यापक मला नेहमी सांगतात, "फादर, फुकटाची माणसाला किंमत नसते." त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. सरकारी दवाखान्यातून आणलेल्या गोळ्यांची न उघडलेली पाकिटे मी रस्त्याच्या कडेला पडलेली पाहिली आहेत. पण पदरचे पैसे मोजून विनाकारण सलाईन लावून घेणारी, सुई टोचल्याशिवाय डॉक्टरला डॉक्टर न मानणारी माणसे त्याहून जास्त पाहिली आहेत. उधळपट्टी फुकटेपणातूनच जन्मते असे म्हणायला माझे मन धजत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क झाले, केसपेपरचे पैसेही बंद झाले. ते पैसे मुळात थोडे होते. पण खिशात तेवढेही नसताना दाराशी थबकणारी म्हातारी आपल्यापैकी कोणीच पाहिली नाही काय?

खरा मुद्दा वेगळाच आहे. शेतकरी बाजारात बैल घ्यायला जातो तेव्हा दात पाहतो, चालवून पाहतो, घासाघीस करतो आणि पटले नाही तर रिकाम्या हाताने घरी येतो. पोटात कळ आलेला माणूस यांतले काय करू शकतो? त्याला माल पारखता येत नाही, भाव ठरवता येत नाही आणि परत फिरता येत नाही. जिथे 'नाही' म्हणण्याची सोय नाही तिथल्या व्यवहाराला व्यापार म्हणणे मला पटत नाही. आपल्या देशात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चापैकी २०१३-१४ साली ६४.२ टक्के खर्च कुटुंबे थेट खिशातून करीत होती; २०२१-२२ मध्ये हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आले. सरकारी हिशेबातलेच हे आकडे. उतार समाधानकारक आहे. पण शंभरातले एकोणचाळीस रुपये अजूनही आजारी माणूस आणि त्याचे घर उभे करते, आणि मराठवाड्यात ते कसे उभे राहतात हे मी सांगायला नको. कोणाचे शेत जाते, कोणाची म्हैस, कोणाच्या मुलीचे शिक्षण.

कोणी पैसे देऊ शकत नाही म्हणून त्याला उपचार नाकारला जाऊ नये, हे तत्त्व या देशात स्वातंत्र्याच्या आधीच मांडले गेले. १९४६ साली ज्या समितीने ते मांडले तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशिकला जन्मलेले, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले ख्रिस्ती गृहस्थ. आपल्या समाजाला त्यांचे नावही फारसे ठाऊक नाही, याचे नवल वाटते. दहा ते वीस हजार लोकवस्तीमागे पंचाहत्तर खाटांचे रुग्णालय असावे, असे भोर समितीचे दूर पल्ल्याचे स्वप्न होते. आज सपाट प्रदेशात तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा आपला निकष आहे, आणि त्या केंद्रात खाटा असतात मोजून सहा. स्वप्न मोठे होते आणि तिजोरी लहान, असे म्हणण्याची रीत आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते; २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. तिजोरीची किल्ली कोणत्या खिशात ठेवायची हेही माणसेच ठरवतात.

तरीही केवळ पैसा ओतला म्हणजे झाले, असे मानणाऱ्यांशी माझे जमत नाही. सरकारी रुग्णालयातले दुःख मी जवळून पाहतो. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ या दोन तारखांच्या चोवीस तासांत नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात चोवीस रुग्ण दगावले, त्यांत बारा नवजात अर्भके होती. औषधे आणि मनुष्यबळ कमी पडल्याचे बोलले गेले, सरकारने ते नाकारले, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. दोष कोणाचा, हे ठरवणे माझे काम नव्हे. पण हिंगोली, परभणी, यवतमाळ आणि थेट तेलंगणाच्या सीमेवरून जिथे माणसे येतात, त्या एका दारावर किती ओझे पडत असेल याचा विचार केला पाहिजे. ज्याचे म्हणून कोणी नाही ते शेवटी तिथे येते, आणि बहुधा उशिरा येते. हिंगोलीला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्यामुळे हे ओझे थोडे वाटले जाईल, अशी आशा बाळगायला जागा आहे.

सरकारी पैशाची दुसरी वाट विम्याची. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. नांदेड त्या पहिल्या आठांत होता. पुढल्या वर्षी ती राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले आणि २०२३ मध्ये राज्यातल्या सर्वच कुटुंबांना ती लागू करून मर्यादा पाच लाखांपर्यंत वाढवण्याचा निर्णय झाला. या योजनेने हजारो घरे वाचवली आहेत. साखऱ्याचे ते घर त्यांतलेच. पण या वाटेवर सरकार रुग्णालय चालवत नाही, बिल भरते. बिल भरणारा दूर असला आणि बिल करणारा जवळ, म्हणजे काय मोह होतो हे सांगायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. अशाच एका केंद्रीय विमा योजनेत बिहार आणि छत्तीसगडमध्ये गरज नसताना गर्भाशये काढल्याच्या तक्रारी २०१२ च्या सुमारास गाजल्या. मोहाला सरकारी पैसाच लागतो असेही नाही. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली विधिमंडळाच्या पुढाकाराने नेमलेल्या समितीने ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची माहिती घेतली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. त्यांतल्या कितीतरी जणींनी खाजगी दवाखान्यांत कर्ज काढून पैसे भरले होते. शिवाय झडप बदलायला कार्ड चालते. पण ती बिघडू नये म्हणून लहानपणी घशाच्या दुखण्यावर जे साधे पेनिसिलीन द्यायला हवे होते, ते देणारी नर्स कार्डातून मिळत नाही. तिच्यासाठी गावाजवळचे केंद्र उघडे हवे, आणि त्यात ती हवी. दोन वाटांतून एकीची निवड करायची झाली तर मी आधी त्या केंद्राला पैसा देईन.

ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत काय सांगते, असे काहीजण विचारतात. तेविसाव्या जॉन यांनी १९६३ च्या आपल्या परिपत्रकात वैद्यकीय उपचार हा माणसाचा हक्क मानला. त्याआधी १९३१ मध्ये अकराव्या पायस यांनी बजावले होते की, जे काम लहान समूह स्वतः करू शकतो ते मोठ्याने हिरावून घेऊ नये. दुसऱ्या जॉन पॉल यांनी १९९१ मध्ये सर्व काही आपल्याकडे ओढणाऱ्या कल्याणकारी राज्याच्या कागदी कारभाराबद्दल इशारा दिला. वरवर पाहता ही वचने एकमेकांना छेद देतात. मला जामखेडचे उदाहरण आठवते. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने तिथे अशिक्षित, बहुतांशी दलित स्त्रियांना गावच्या आरोग्यसेविका म्हणून तयार केले. पुढे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत खेड्यातल्या स्त्रियांच्या हातून नवजात बाळे वाचवून दाखवली. २००५ पासून गावोगाव 'आशा' नेमल्या गेल्या, त्यामागे अशा प्रयोगांची पुण्याई आहे. एका जामखेडने साखऱ्याची बाळंतीण वाचत नाही. पण जामखेड झाले नसते तर सरकारला काय करायचे ते सुचले असते की नाही, याची मला शंका आहे.

आता जे लिहायचे ते लिहिताना संकोच होतो. तीन वर्षांपूर्वी माझ्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. सरकारी रुग्णालयात जाण्याचा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही. खाजगी खोली, स्वच्छ चादरी, बिल संस्थेच्या निधीतून. आपल्या धर्मग्रामांतले शिक्षक, कारकून, नर्सेस, दुबई-कुवेतहून परतलेले कुटुंबप्रमुख, आपण सारेच त्या दारातून बाहेर पडलो आहोत. ज्याला अर्ज लिहिता येतो, वर्तमानपत्राला पत्र धाडता येते, अधिकाऱ्यापुढे खुर्चीवर बसून बोलता येते, तो तिथे रांगेत उभाच नसतो. रांगेत उरतो तो टोपी हातात घेणारा. मग नळाला पाणी नसेल, डॉक्टरची जागा वर्षभर रिकामी असेल, तर ओरडणार कोण? आरोग्य केंद्रांना रुग्ण कल्याण समित्या असतात. त्यांच्या बैठकांना आपल्यापैकी किती जण बसतात? मी एकदाही बसलेलो नाही. चिठ्ठ्या मात्र पुष्कळ लिहिल्या.

गेल्या महिन्यात आणखी एक जण आला. गोरेगावकडचा म्हातारा, सोबत नात. मी कागद पुढे ओढला आणि बराच वेळ लिहिलेच नाही. शेवटी लिहिले, पण खाली एक ओळ जोडली: यांच्या आधी कोणाचा क्रमांक असल्यास कृपया त्याला मागे सारू नये.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. आवाजात आदर होता आणि थोडे हसूही. "फादर," ते म्हणाले, "मग ही चिठ्ठी पाठवलीत तरी कशासाठी?"