देशभक्तीचे शिक्के

एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे लिव्हरपूलला जात असे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि आपल्याकडील व्यापाराला मोठीच तेजी आली. लिव्हरपूलच्या बाजारात या कापसाला ‘ऊमरा’ म्हणत. हे अमरावतीचेच नाव, इंग्रजांच्या जिभेवर वळलेले. पुढे वऱ्हाडातल्या इतर गावांच्या, इतकेच नव्हे तर खानदेशच्या कापसालाही तेच नाव पडले. ज्या कापसाने अमरावती कधी पाहिली नव्हती, तोही अमरावतीच्या नावाने विकला जाऊ लागला. व्यापाराच्या दृष्टीने ती एक सोय होती. परंतु जाणता व्यापारी केवळ नावावर भाव ठरवीत नाही. गाठीतून नमुना काढून, धागा बोटांनी ओढून पाहतो आणि मगच बोलतो.

माणसांच्या राजकीय मतांवर आपण जे शिक्के मारतो त्यांच्या बाबतीत मात्र एवढी सावधगिरी आपण क्वचितच बाळगतो. राष्ट्रवादी, उदारमतवादी, डावा, उजवा, सेक्युलर असे शब्द आपण सहज उच्चारतो. आणि त्यांच्या आधारे कोण देशभक्त व कोण नाही याचा निवाडाही देऊन टाकतो. हा केवळ भाषेतला ढिसाळपणा आहे की त्यात काही नैतिक दोषही आहे? ख्रिस्ती श्रद्धावंताने या प्रश्नाचा विचार करणे अगत्याचे आहे, कारण तो स्वतः असे शिक्के मारतो आणि असे शिक्के त्याच्यावरही मारले जातात.

प्रथम हे शब्द देशोदेशी कसे बदलतात ते पाहू. ‘रिपब्लिकन’ हा शब्द घ्या. अमरावती-अकोल्याच्या कोणत्याही वस्तीत तो उच्चारला की डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची आठवण होते, कारण त्यांच्या संकल्पनेतील रिपब्लिकन पक्ष त्यांच्या पश्चात १९५७ साली नागपुरात स्थापन झाला. अमेरिकेत हेच नाव आज परंपरावादी पक्षाचे आहे. आणि गंमत अशी की गुलामगिरी नष्ट करणारे लिंकन त्याच पक्षाचे होते. आयर्लंडमध्ये रिपब्लिकन म्हणजे संपूर्ण बेट ब्रिटिश सत्तेपासून मुक्त व्हावे असे मानणारा, तर ऑस्ट्रेलियात ब्रिटनच्या राजाला राष्ट्रप्रमुखपदावरून दूर करू इच्छिणारा. ‘लिबरल’ या शब्दाचीही तीच गत. अमेरिकेत तो डावीकडे झुकलेल्या माणसाला लावतात, ऑस्ट्रेलियात लिबरल पक्ष उजव्या बाजूचा आहे, आणि आपल्याकडे १९१८ साली काँग्रेसमधून बाहेर पडलेल्या नेमस्तांनी ते नाव घेतले होते.

‘कम्युनल’ या शब्दाचा प्रवास तर अधिकच विचित्र आहे. युरोपात कम्यून म्हणजे गावची नगरपालिका, आणि कम्युनल म्हणजे सर्वांच्या समाईक मालकीचे. आपल्याकडे मात्र कम्युनल म्हणजे जातीयवादी. ती जवळजवळ शिवीच झाली आहे. ‘सेक्युलर’ शब्दाची गोष्ट तर आपल्या घरचीच. ख्रिस्तसभेच्या जुन्या परिभाषेत सेक्युलर धर्मगुरू म्हणजे कोणत्याही संन्यस्त संघाचा नसलेला, महागुरुस्वामींच्या आज्ञेत राहून धर्मग्राम सांभाळणारा धर्मगुरू. फ्रान्समध्ये १९०५ च्या कायद्याने शासन व धर्मसंस्था यांची फारकत केली. तेथे या कल्पनेचा रोख शाळेतून क्रूस उतरविण्याकडे होता. भारतात १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने हा शब्द उद्देशिकेत आला, तो सर्व धर्मांना समान आदर या अर्थाने सामान्यतः समजला जातो. एका देशात ज्या शब्दाने श्रद्धावंत बिचकतो, त्याच शब्दाचा दुसऱ्या देशात त्याला आधार वाटतो. परदेशातील नियतकालिके वाचून किंवा तेथे नोकरीस गेलेल्या मुलांचे बोलणे ऐकून आपण जेव्हा तिकडचे शिक्के जसेच्या तसे इकडे वापरतो, तेव्हा आपण काय करतो आहोत हे यावरून ध्यानी यावे.

परंतु त्यासाठी दूर जाण्याचेही कारण नाही. अमरावती शहरात एकाच काळी दोन नामवंत वकील होते. एक रावबहादूर रंगनाथ नरसिंह मुधोळकर, दुसरे दादासाहेब खापर्डे. १८९७ साली काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीस भरले, तेव्हा खापर्डे स्वागताध्यक्ष होते. दहा वर्षांनी सुरतेस काँग्रेस फुटली. खापर्डे टिळकांबरोबर राहिले, ते ‘जहाल’ ठरले. मुधोळकर नेमस्तांत गणले गेले, म्हणजे प्रतिपक्षाच्या भाषेत ‘मवाळ’. टिळकपक्षीय लोक स्वतःला ‘राष्ट्रीय पक्ष’ म्हणवीत. या नावातच एक वार दडलेला होता, कारण आम्ही राष्ट्रीय म्हटले की समोरचा आपोआप अराष्ट्रीय ठरतो. खापर्ड्यांनी टिळकांच्या शिक्षेविरुद्ध खटपट करण्यासाठी १९०८ ते १९१० हा काळ इंग्लंडमध्ये घालविला. मुधोळकर १९१२ साली बांकीपूरच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. आज अमरावतीचा कोणता सुजाण माणूस या दोघांपैकी एकाला देशद्रोही म्हणेल? १८९७ च्या त्या अधिवेशनाचे अध्यक्ष शंकरन नायर पुढे ‘सर’ झाले, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बसले. त्यांना कोणीही सरकारधार्जिणे म्हणू शकला असता. परंतु १९१९ साली पंजाबातील अत्याचारांच्या निषेधार्थ त्यांनीच त्या पदाचा राजीनामा दिला.

या इतिहासात आपल्या समाजाचेही एक नाव आहे. मुंबईच्या माझगावचे जोसेफ ‘काका’ बॅप्टिस्टा (१८६४–१९३०) हे कॅथलिक, ईस्ट इंडियन समाजातले, आणि लोकमान्य टिळकांचे निकटचे सहकारी. एप्रिल १९१६ मध्ये बेळगावास होमरूल लीग स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष तेच होते. ‘होमरूल’ हा शब्द आयर्लंडहून आला होता. बेळगावात तो उच्चारला गेला तेव्हा तो जहालांचा शब्द होता. सरकारच्या कानाला त्यात बंडाचा वास येत होता. त्याच आठवड्यात, २४ एप्रिलला, डब्लिनमध्ये ईस्टरचा उठाव झाला. तो करणाऱ्यांच्या मते होमरूल हा मवाळांचा, अपुऱ्या मागणीचा शब्द होता. त्यांना प्रजासत्ताक हवे होते. एकच शब्द, एकच आठवडा, एकच साम्राज्य. आणि अर्थ उलटसुलट. तेव्हा केवळ शब्दावरून बॅप्टिस्टांची परीक्षा कशी करणार? ती त्यांच्या कार्यावरूनच करावी लागते.

शिक्क्यांप्रमाणेच निष्ठेचाही प्रश्न वऱ्हाडात गुंतागुंतीचा राहिला आहे. १८५३ साली निजामाने हा प्रांत कंपनी सरकारच्या हवाली केला. १९०२ साली सालीना पंचवीस लाख रुपयांवर तो कायमच्या पट्ट्याने दिला गेला आणि १९०३ साली मध्य प्रांताला जोडला गेला. तरी कागदोपत्री सार्वभौमत्व निजामाचेच होते. १९३६ च्या करारात त्याला पुन्हा दुजोरा मिळाला आणि निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी लाभली. म्हणजे १९४० साली अकोल्याजवळच्या एखाद्या शेतकऱ्याचा नाममात्र धनी हैदराबादेत, खरा राज्यकर्ता लंडनमध्ये, आणि मन वर्ध्याच्या सेवाग्रामात. स्वातंत्र्यानंतर तोच शेतकरी आधी मध्य प्रदेशाचा, १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्याचा आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्राचा रहिवासी झाला. आणि या सर्व काळात त्याने आपले शिवार एक पाऊलही सोडले नव्हते. १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. लोकनायक बापूजी अणे आणि अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी यांनी त्या मागणीचा पुरस्कार केला. दोघेही स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेले. त्यांना ‘फुटीर’ म्हणणे सोपे होते. आपण त्यांच्याशी सहमत असू वा नसू, त्यांच्या देशप्रेमाविषयी शंका घेण्याचा अधिकार मतभेदातून मिळत नाही.

आपल्या भागात सुवार्तेचे कार्य करणारे संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या संघाचे मिशनरीही अशाच अनुभवातून गेले होते. या संघाची स्थापना १८३८ साली सॅव्हॉयमधील आनसी येथे झाली, तेव्हा तो प्रदेश सार्डिनियाच्या राजाचा होता. १८६० साली तो फ्रान्सला दिला गेला. संघाचे पहिले मिशनरी त्याआधीच हिंदुस्थानात येऊन पोहोचले होते; समुद्रापलीकडे त्यांचे राष्ट्र त्यांना न विचारता बदलले. झेंडा बदलला म्हणून त्यांची आई, तिची बोली, गावचे डोंगर बदलले नाहीत. आणि ज्या लोकांत ते राहिले त्यांच्यावरचे प्रेमही उणावले नाही.

मग देशभक्ती म्हणजे नेमके काय? संत थॉमस अक्वायनस यांनी तिला मातापित्यांविषयीच्या आदराशेजारी स्थान दिले आहे. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणातही देशप्रेमाचा विचार चौथ्या आज्ञेखाली येतो. यामागील विचार असा: ज्यांनी आपल्याला जन्म दिला, वाढविले, भाषा दिली, त्यांचे ऋण आपण फेडू शकत नाही, केवळ कृतज्ञ राहू शकतो. देशाचे ऋणही तसेच आहे. आता, आपल्या आईवर प्रेम करण्यासाठी शेजाऱ्याच्या आईचा तिरस्कार करावा लागत नाही. आणि आईवरील प्रेमामुळे तिच्या चुकांकडे डोळेझाकही करावी लागत नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ऑक्टोबर १९९५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघापुढे हाच भेद स्पष्ट केला होता: इतर राष्ट्रांची अवहेलना शिकविणारा राष्ट्रवाद वेगळा आणि स्वदेशावरील योग्य प्रेम वेगळे.

हा भेद किती महाग पडू शकतो याचे उदाहरण फ्रान्झ येगरस्टेटर या ऑस्ट्रियन शेतकऱ्याचे आहे. हिटलरच्या पक्षाने ‘राष्ट्रीय’ आणि ‘समाजवादी’ हे दोन्ही आकर्षक शब्द आपल्या नावात गुंफले होते. ऑगस्ट १९४३ मध्ये, त्या सत्तेसाठी लढण्यास नकार दिला म्हणून, येगरस्टेटरचा शिरच्छेद करण्यात आला. गावातील अनेकांच्या लेखी तो कर्तव्यच्युत होता. २००७ साली ख्रिस्तसभेने त्याला धन्यवादित घोषित केले. आपल्या देशावर अधिक प्रेम कोणाचे होते, हे आज सांगण्यास पंडिताची गरज नाही.

कॅथलिकांच्या निष्ठेविषयी शंका तर अनेक देशांत घेतली गेली. बिस्मार्कच्या जर्मनीत त्यांना रोमचे हस्तक म्हटले गेले. १९६० साली केनेडींना अमेरिकेत त्याबद्दल जाहीर खुलासा करावा लागला. पोलंडमध्ये आणि आयर्लंडमध्ये मात्र कॅथलिक असणे हीच देशभक्तीची खूण समजली गेली. आपल्या मुलांना कधी शाळेत, कधी प्रवासात विचारले जाते, ‘तुम्ही नक्की कुठले?’ हा प्रश्न बोचतो. त्याचे उत्तर मोठ्या आवाजात देण्यापेक्षा कराची पावती, मतदानाचा हक्क, दवाखान्यातील सेवा, कोरड्या वर्षी गावच्या बंधाऱ्यावर टाकलेली मातीची पाटी यांतून दिले, तर ते अधिक टिकाऊ ठरेल. मात्र ज्याला स्वतःवरचा शिक्का बोचतो, त्याने तो दुसऱ्याच्या कपाळी मारू नये हेही ओघानेच आले.

कोणी म्हणेल, नावांवाचून लोकशाही चालणार कशी? पक्षांना नावे हवीत, मतांना नावे हवीत. हे खरे आहे. नाव ठेवण्यात दोष नाही; नाव कळले म्हणजे माणूस कळला असे मानण्यात दोष आहे. आठवी आज्ञा खोटी साक्ष देण्यास मनाई करते. ज्याचे म्हणणे आपण ऐकले नाही, ज्याचे काम आपण पाहिले नाही, त्याला केवळ नावावरून देशद्रोही किंवा धर्मद्रोही ठरविणे ही खोटी साक्षच होय. मग ती न्यायालयात दिलेली असो की मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात. विशेषतः निवडणुकीच्या दिवसांत ही आज्ञा पापनिवेदनापूर्वीच्या आत्मपरीक्षणात अवश्य असावी.

प्रभू येशूने निवडलेल्या बारा जणांत मत्तय होता, रोमन सत्तेसाठी जकात गोळा करणारा; आणि शिमोनही होता, ज्याच्या नावामागे ‘झेलोत’, म्हणजे कडवा धर्माभिमानी, हे बिरुद लागले आहे. बाहेर हे दोघे एकमेकांच्या सावलीलाही उभे राहिले नसते. प्रभूच्या पंक्तीला ते एकत्र जेवले. आणि खुद्द प्रभूच्या क्रूसावर जी पाटी लावली गेली ती राजकीयच होती. हिब्रू, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत ती लिहिलेली होती. पिलाताच्या लेखी तो गुन्ह्याचा उल्लेख होता, याजकांच्या लेखी अपमान, आणि श्रद्धेच्या दृष्टीने सत्य. पाटी सर्वांनी वाचली; तिच्याखाली कोण आहे हे मात्र थोड्यांनीच ओळखले. शेजाऱ्याच्या गळ्यात आपण अडकवलेली पाटी वाचताना तिच्यामागचा चेहरा पाहण्याची कृपा आपणांस लाभो.