शेजाऱ्याच्या कर्माचे फळ

भारतीय दर्शनांच्या वादात अकृताभ्यागम नावाचा एक दोष सांगितला आहे: जे केले नाही त्याचे फळ भोगावे लागणे. ज्या सिद्धांतातून हा दोष उद्भवेल तो सिद्धांत मीमांसक आणि नैयायिक स्वीकारत नसत. सारे काही क्षणिक मानणाऱ्या बौद्धांना ते विचारत, कर्म करणारा त्याच क्षणी संपला, तर फळ भोगतो तो कोण? करावे तसे भरावे, ही आपली साधी न्यायबुद्धीही त्याच बाजूची आहे. शेअर्ड होस्टिंगवर वेबसाइट ठेवणाऱ्याला मात्र या न्यायाचा भरवसा नाही. त्याच्या वाट्याला अनोळखी शेजाऱ्याच्या कर्माचे फळ येते. ते कितपत सोसायचे आणि कुठे नाकारायचे, हा मला मुळात नीतीचा प्रश्न वाटतो.

अशा एकेका सर्व्हरवर शेकडो वेबसाइट असतात. प्रोसेसर, मेमरी, डिस्क सगळ्यांत मिळून, आणि बहुतेकदा आयपी पत्ताही एकच. ब्राउझर प्रत्येक विनंतीसोबत वेबसाइटचे नाव पाठवतो, त्यावरून सर्व्हर योग्य ते पान देतो. १९९७ च्या एचटीटीपी १.१ ने हे नाव पाठवणे सक्तीचे केले, म्हणून ही वाटणी शक्य झाली. आता त्या शेकडोंपैकी एकाने वर्डप्रेसचे जुने प्लगइन तसेच ठेवले, त्यातून कोणी आत शिरले आणि स्पॅम ईमेल पाठवू लागले, तर तो पत्ता काळ्या यादीत जातो. त्याच पत्त्यावरून जाणारी एखाद्या पॅथॉलॉजी लॅबची किंवा ग्रंथालयाची पत्रेही मग नाकारली जातात, आणि कारण त्या ग्रंथालयाच्या चिटणिसाला कळतही नाही.

याचे टोक अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात दिसले. बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रे असलेल्या वेबसाइट रोखण्याचा कायदा त्या राज्याने २००२ मध्ये केला. हेतूबद्दल दुमत असूच शकत नाही. पण इंटरनेट कंपन्यांनी आयपी पत्तेच्या पत्ते अडवले, आणि चारशेहूनही कमी वेबसाइटसाठी ११ लाखांहून अधिक निरपराध वेबसाइट बंद पडल्या. २००४ मध्ये संघीय न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहाम सदोम नगरासाठी देवाशी हाच वाद घालतो: दुष्टांबरोबर नीतिमानांचाही नाश करणार का? पन्नास नीतिमान असतील तर, पंचेचाळीस असतील तर, असे करत तो दहापर्यंत येतो आणि थांबतो. दहांहून कमी असतील तर त्यांचे काय, हे तो विचारत नाही. कथा मात्र त्याच्यापुढे जाते. नगर जळण्याआधी तिथे राहणाऱ्या अब्राहामाच्या पुतण्याला, लोटाला, आणि त्याच्या घरच्यांना हाताला धरून बाहेर काढले जाते. शिक्षा देणाऱ्याने निरपराध्याला आधी वेगळे काढावे, ही अपेक्षा इतकी जुनी आहे. आयपी पत्ता अडवणारा ती पाळत नाही.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. शेजाऱ्याच्या वेबसाइटवर गर्दी उसळून माझी मंदावली, तर तो एकत्र राहण्याचा परिणाम आहे; त्यात माझ्यावर कोणताही आरोप नाही. पत्ता अडवणे मात्र कोणीतरी घेतलेला निर्णय आहे, आणि त्याचे कर्म घेणाऱ्याचे. दोष करणाऱ्यापाशीच राहतो. दायित्व मात्र सगळ्यांवर येते, कारण न करणे हेही कर्मच. माझे जुने प्लगइन ही जर शेजाऱ्यांच्या हानीची वाट असेल, तर ते अद्ययावत करणे हे केवळ माझ्या सोयीचे काम उरत नाही, ज्यांची नावेही मला ठाऊक नाहीत अशा लोकांचे ते देणे ठरते.

पैसे भरले, आता राखण कंपनीने करावी, असे कोणी म्हणेल. कंपनीने प्रत्येक खात्याभोवती भिंत घालावी हे खरेच, आणि चांगल्या कंपन्या ती घालतात. पण माझा कमकुवत पासवर्ड ती सहसा माझ्या वतीने बदलत नाही, आणि भिंतीने पत्त्याची अब्रू वेगळी होत नाही. मग स्वतंत्र पत्ता घ्यावा? आयपीव्ही४ चे पत्ते जेमतेम ४३० कोटी, आणि जागतिक साठ्यातले शेवटचे गट २०११ मध्येच वाटून झाले. वेगळा म्हणून मिळणारा पत्ता कोणीतरी आधी वापरलेला असू शकतो, आणि त्या पूर्वीच्या भाडेकरूचा कलंक त्याला चिकटलेला असू शकतो.

सगळ्यांत वजनदार आक्षेप अज्ञानाचा. मिठाईच्या दुकानाची वेबसाइट चालवणाऱ्याला सर्व्हर म्हणजे काय हेच माहीत नसेल, तर त्याला कर्तव्य कसे सांगायचे? हा आक्षेप मी बराचसा मान्य करतो. जे जाणता येत नाही त्याचे बंधन कोणावर लादू नये. पण हे अज्ञान आपोआप आलेले नाही. ‘अनलिमिटेड’ म्हणून जागा विकणारे, ती किती जणांत वाटलेली आहे हे ग्राहकाला ठळकपणे सांगत नाहीत. पॅकेज विकताना किमतीइतक्याच मोठ्या अक्षरांत त्यांनी लिहावे, की हा सर्व्हर आणि हा पत्ता इतरांसोबतचा आहे, आणि तुमच्या निष्काळजीपणाची झळ त्यांना बसेल. एवढे वाचूनही ज्याने प्लगइन वर्षानुवर्षे तसेच ठेवले, त्याला अज्ञानाची सबब उरत नाही.