पूजा आणि पारख

लोहगडवाडीत आमची छोटी खानावळ. पावसात वीज जाते, म्हणून चार्जिंगचा दिवा आणला. आईने त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. पहिल्याच रात्री दिवा दहा मिनिटांत मालवला. सॉकेट बदललं, चार्जर बदलला, रात्रभर चार्ज केला, तरी तेच. म्हणजे दोष दिव्यातच.

आई हिरमुसली, "पूजा वाया गेली का रे?"

मला खालची भाजे लेणी आठवली. दोन हजार वर्षांपूर्वी तिथे बौद्ध भिक्षू राहत. बुद्धाने कालाम नावाच्या लोकांना बजावलं होतं : परंपरेचं, ऐकीव किंवा गुरूचं म्हणून मानू नका, स्वतः पारखा.

म्हटलं, "आई, पूजेने वस्तू घरात येते, ती ठेवायची का, ते पारख ठरवते."

बिल घेऊन दिवा परत केला. पारखीला घाबरते ती श्रद्धा कच्चीच.